रंगाखालचा पत्रा

जुनी प्रीमियर पद्मिनी बघायला जाताना खिशात एक छोटा लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळायला पातळ सुती रुमाल ठेवावा. रुमाल असला की रंगावर ओरखडा पडत नाही. चुंबक आधी छतावर ठेवून बघा, तो घट्ट बसेल. मग तो दारांच्या खालच्या कडेला, मागच्या चाकावरच्या कमानीला, हेडलाइटभोवती आणि दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या पोकळ पट्टीला, म्हणजे सिलला, लावून बघा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, जाड पुट्टी आहे. वरून रंग कितीही झळकत असला तरी त्या गाडीचे खरे काम तिथूनच सुरू होणार आहे.

पद्मिनीचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाइट या नावाने निघू लागली, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि मग पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून ती कायमची गेली. आता ज्या उरल्या आहेत त्यांतल्या अनेक घरोघरी जपलेल्या आहेत, आणि आजोबांची गाडी पुन्हा उभी करायची म्हणून नातवंडे डेंटिंग-पेंटिंगवाल्यांचे उंबरे झिजवत आहेत. त्यांच्या हाती बहुतेक वेळा जे पडते ते म्हणजे आहे त्याच रंगावर घासून मारलेला नवा रंग. दोन पावसाळ्यांत त्यावर फोड येतात. असे का होते आणि काय केले तर होत नाही, हे कळायला काम थर उलगडत बघावे लागते. बॉडीच्या कामात प्रत्येक थर आधीच्या थराला झाकून टाकतो. झाकल्यावर चूक दिसत नाही, पण ती संपतही नाही. म्हणून प्रत्येक थर झाकण्याआधी तो तपासून घेणारा माणूस तिथे हवा. मालक स्वतः असला तर उत्तम.

पहिला प्रश्न मात्र असा, की रंग काढायचा का? जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. तिचा कल स्पष्ट आहे: जपता येईल ते आधी जपा, लागेल तेवढाच हात लावा. कारखान्यातला मूळ रंग अजून अंगावर असेल, थोडा फिका पडला असेल, एखाद्या कडेला उडाला असेल, तर तो पॉलिश करून ठेवावा असे माझे ठाम मत आहे. मूळ रंग एकदाच मिळतो. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, तीही चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले नसतील तरच. तेव्हा कापाकापी करण्याआधी हा विचार व्हावा. रंग बदलायचा असेल तर आरसीवर रंगाची नोंद असते, तीही बदलून घ्यावी लागते.

रंग काढायचाच ठरला, तर गाडी उघडावी लागते. बंपर, दिवे, काचा, काचांची रबरे, दारांची आतली कव्हरे, कडेने जाणाऱ्या क्रोमच्या पट्ट्या, सगळे उतरवायचे. प्रत्येक भागाचे फोटो काढायचे, स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत चिठ्ठ्या घालून ठेवायचे. पद्मिनीच्या क्रोमपट्ट्या पत्र्याला भोके पाडून क्लिपांनी बसवलेल्या असतात आणि त्या भोकांच्या कडेने गंज आतून पसरत जातो, म्हणून पट्टी न काढता तिच्याभोवती मास्किंग टेप लावून मारलेला रंग टिकत नाही. याच वेळी मूळ रंगाचा नमुनाही सापडतो. डिकीच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, दाराच्या कव्हरामागे जो रंग उन्हापासून लपून राहिला, तो खरा. बाहेरचा रंग पन्नास वर्षांच्या उन्हाने कधीच बदलला आहे.

रंग उतरवण्यासाठी बरेच जण थेट सँडब्लास्टिंगकडे वळतात. चाकांच्या रिम, सस्पेन्शनचे हात, जाड लोखंडी भाग यांना ते उत्तम आहे. पण छत, बॉनेट, डिकीचे झाकण यांसारख्या मोठ्या सपाट पत्र्यावर वाळूचा जोरदार मारा केला, तर पृष्ठभाग ठोकला जाऊन ताणतो आणि पत्रा लाटांसारखा वाकडा होतो. तो पुन्हा सरळ करणे अतिशय कठीण. अशा ठिकाणी रंग काढायचे रसायन किंवा मऊ डिस्क वापरावी. रसायनाचाही एक धोका आहे. ते पत्र्यांच्या जोडात शिरले आणि धुऊन निघाले नाही, तर महिन्यांनी बाहेर झिरपते आणि नव्या रंगाखाली फोड आणते. म्हणून जोडांच्या जवळचा पट्टा हातानेच घासून काढलेला बरा.

आता उघडा पत्रा समोर आला. गंज फोड का आणतो हे इथे समजते: लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि वरचा रंग उचलून धरतो. रंगाला तडा जातो, तड्यातून पाणी शिरते आणि गंज आणखी वाढतो. मुंबईच्या खाऱ्या हवेतले क्षार या कामाला वेग देतात, कारण ते ओलावा धरून ठेवतात आणि पत्रा वरवर कोरडा दिसला तरी गंज आत चालूच राहतो. वरवरचा तांबूस गंज घासून निघतो. बारीक खड्ड्यांत बसलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल असलेले द्रावण लावतात, ते गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करते. पण हे द्रावण पाण्याने नीट धुऊन, पत्रा लगेच कोरडा करून मगच पुढे जायचे. आम्लाचा अंश उरला तर त्यावर इपॉक्सी प्रायमर धरत नाही. आणि जिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबल्यावर आत जाते, तिथे कुठलेही रसायन उपयोगाचे नाही. तो पत्रा कापायचा.

कापण्याआधी थांबायला हवे. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. सिल, फरशी आणि छताचे खांब मिळून गाडीला आकारात धरून ठेवतात. सिल कापला आणि गाडी चाकांवर किंवा दोन जॅकवर असली, तर मधला भाग नकळत खाली बसतो. नवा सिल जोडला जातो आणि मग दार बंदच होत नाही. म्हणून आधी गाडी समतल स्टँडवर ठेवायची, दाराच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या-तिरप्या टाके देऊन बसवायच्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची दोन्ही कर्णमापे लिहून ठेवायची आणि एका वेळी एकाच बाजूचा सिल करायचा. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी वेल्डिंगपूर्वी उतरवायची. यात सूट नाही.

नवा तुकडा साध्या सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्र्याचा असावा. जुन्या पत्र्याएवढ्याच जाडीचा, बाहेरच्या अंगाला साधारण २० गेजच्या आसपास. गॅल्व्हनाइज्ड पत्रा गंजत नाही म्हणून काही जण तोच वापरायला सांगतात, पण वेल्डिंगच्या वेळी त्यातल्या जस्ताचा धूर छातीत जातो आणि ताप आणतो. तुकडा जुन्या पत्र्यावर चढवून जोडण्यापेक्षा कडेला कड भिडवून जोडलेला चांगला, कारण चढवलेल्या जोडात दोन पत्र्यांमध्ये एक फट राहते आणि ओलाव्याला हवी असते तीच जागा. सरळ ओळीत एका दमात वेल्डिंग कधीच करू नये. एक टाका इथे, दुसरा दुसऱ्या टोकाला, तिसरा मधे, आणि प्रत्येक टाक्यानंतर पत्रा हाताला सोसेल इतका थंड होऊ द्यायचा. उष्णता एका जागी साठली की पत्रा फुगतो, थंड होताना आखडतो आणि कायमचा वाकतो. जुने डेंटर गॅस वेल्डिंग करत. त्याने उष्णता फार पसरते, पण जोड मऊ राहतो आणि हातोडीने सपाट करता येतो. आजचे सीओटू वेल्डिंग उष्णता कमी पसरवते, मात्र जोड कडक होतो आणि तो घासूनच सपाट करावा लागतो. पातळ पत्र्यावर मला सीओटू अधिक सुरक्षित वाटते. पण मुरलेल्या हाताचा गॅस वेल्डर मिळाला तर त्याला अडवू नये.

पोचे काढणे हे या सगळ्यातले सर्वांत सुंदर काम, आणि ते करणारे हात आता कमी होत चालले आहेत. डेंटरच्या एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात पत्र्याच्या मागे धरलेला लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा, ज्याला डॉली म्हणतात. पोचा पडतो तेव्हा मधे खड्डा होतो आणि कडेला पत्रा वर उठतो. नवशिका थेट खड्ड्याच्या मागून ठोकतो. जाणता डेंटर आधी बाहेरची उठलेली कड हळूहळू खाली बसवतो आणि डॉलीने खड्डा आतून वर दाबून धरतो, म्हणजे पत्रा ज्या क्रमाने वाकला त्याच्या उलट क्रमाने त्याला परत नेतो. हातोडीखाली नेमकी डॉली असेल तर पत्रा दोहोंमध्ये चेपून ताणतो. डॉली बाजूला असेल तर तो न ताणता हलतो. हा फरक कानांना कळतो, डॉलीवर पडलेल्या घावाचा आवाज टणत्कारासारखा येतो. फार ठोकल्यामुळे पत्रा ताणला गेला, तर तो मधे लपलप करतो, दाबला की आत जातो आणि सोडला की वर येतो. तेव्हा ज्योतीने एक रुपयाएवढा ठिपका लालसर होईपर्यंत तापवून, भोवतीने हलके ठोकून, ओल्या फडक्याने विझवतात. पत्रा त्या जागी आकसतो. पद्मिनीच्या मागच्या पंखांची ती छोटी उंच कड सरळ करताना हे कौशल्य कामाला येते, कारण तिथे पुट्टी भरली की तिची धार बोथट होते आणि गाडीचा चेहराच बदलतो.

पुट्टी वाईट नाही. तिचा गैरवापर वाईट. पॉलिएस्टर राळ आणि शंखजिऱ्याची भुकटी यांचे ते मिश्रण, त्यात वजनाच्या सुमारे २ टक्के हार्डनर घातला की काही मिनिटांत ते घट्ट होते. हार्डनर जास्त झाला तर रंगातून डाग वर येतात. कमी झाला तर आतून मऊ राहते. पत्रा हातोडीने जितका जमेल तितका सरळ करून उरलेली एक-दोन मिलिमीटरची खोली भरायला पुट्टी आहे. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासायची. पाणी पेपर तिच्यावर लावला, तर ते पाणी आत मुरते आणि पत्र्यापर्यंत पोचते. मी आधी उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरचा थर मारून त्यावर पुट्टी भरण्याच्या बाजूचा आहे. मुंबईच्या दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो, आणि इपॉक्सी त्याला हवेपासून सीलबंद करते.

पुट्टी भरण्याच्याही आधी दारे, बॉनेट आणि डिकी त्यांच्या खऱ्या रबरांसह आणि कुलपांसह लावून बघावीत. रबराची जाडी दाराला बाहेर ढकलते. रबर न लावता जुळवलेल्या फटी शेवटी वाकड्याच निघतात. भोवतीची फट एकसारखी येईपर्यंत बिजागऱ्या सरकवायच्या, गरज पडली तर कडा किंचित वळवायच्या.

मग सरफेसर, म्हणजे घासून काढण्यासाठीच मारलेला जाड प्रायमर. त्यावर काळ्या रंगाची पातळ धूळ फवारतात. लांब, सपाट फळीला ३२० नंबरचा पेपर लावून सर्व पत्रा तिरप्या हाताने घासायचा. जिथे काळे लवकर निघते तो उंचवटा, जिथे उरते तो खड्डा. हा काळा रंग खोटे बोलत नाही. बोटांच्या टोकाखाली कागद धरून घासणाऱ्याला तीन-चार नाजूक खळगे सापडत नाहीत, उलट तोच ते तयार करतो, कारण बोटे दबतात आणि फळी दबत नाही. खड्डे उरले तर पुन्हा सरफेसर, पुन्हा काळी धूळ, पुन्हा घासाई. हे कंटाळवाणे आहे आणि इथेच बहुतेक गॅरेजे घाई करतात. शेवटी ६०० ते ८०० नंबरच्या पेपरने पाणी लावून नाजूक घासाई होते, आणि नंतर पृष्ठभाग पूर्ण वाळेपर्यंत थांबावे लागते.

कुठला रंग मारायचा? १९२३ मध्ये ड्यूपॉन्टने ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर आणला, आणि मोटारींचा रंग काही तासांत वाळू लागला. आजही आपल्याकडे अनेक जण स्प्रेने मारलेल्या कुठल्याही रंगाला ड्यूको म्हणतात. लॅकर घासून चकाकवता येतो, मऊ दिसतो, दुरुस्तीला सोपा, पण पेट्रोल सांडले की डागाळतो आणि उन्हात तडकतो. आजचा दोन घटकांचा पॉलीयुरेथेन फार टिकाऊ आहे. रंग निवडताना मी एकच गोष्ट आवर्जून सांगतो: पद्मिनी एकरंगी सपाट रंगाची गाडी असेल, तर तिला बेस कोट आणि वर पारदर्शक क्लियर कोट मारू नये. क्लियर कोटची काचेसारखी खोली आजच्या गाड्यांना शोभते, त्या काळच्या पत्र्यावर ती परकी दिसते. एकाच थरात रंग आणि चकाकी देणारा सॉलिड पॉलीयुरेथेन त्या गाडीच्या स्वभावाला अधिक जवळचा. रंगाची छटा ट्यूबलाइटखाली ठरवू नका. नमुना बाहेर उन्हात आणि पुन्हा सावलीत बघा, कारण एका प्रकाशात जुळणाऱ्या दोन छटा दुसऱ्या प्रकाशात वेगळ्या दिसू शकतात.

फवारणीला हवेने साथ द्यायला हवी. लॅकर वाळताना थिनर झपाट्याने उडतो आणि पत्रा थंड पडतो. दमट हवेत त्यावर बाष्प जमते आणि रंग पांढरट धुरकट होतो. म्हणून कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर रंगाचे काम काढू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळचे दव सरल्यावर, ही चांगली वेळ. कंप्रेसरच्या नळीत पाणी जमते, ते पकडणारा सेपरेटर नळीवर असायलाच हवा. पत्रा ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने दोन फडक्यांनी पुसायचा. एका फडक्याने लावायचे, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच टिपायचे. हाताला तेल असेल किंवा कुणी आसपास सिलिकॉनचे पॉलिश वापरले असेल, तर रंग त्या जागी गोल गोल दूर सरकतो आणि तळ दिसू लागतो. त्याला फिश आय म्हणतात. जमीन ओली केली की धूळ बसते.

स्प्रे गन पत्र्यापासून साधारण १५ ते २० सेंटीमीटरवर, काटकोनात आणि शेवटपर्यंत एकाच अंतरावर. मनगट वळवले की मधे दाट आणि कडेला विरळ पडते, म्हणून सगळा हात सरकवावा लागतो. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या अर्ध्यावर चढतो. ट्रिगर कडेच्या बाहेर सुरू करायचा आणि कडेच्या बाहेर सोडायचा. दोन कोटांच्या मधे डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा, थिनर उडायला. घाई केली तर आत अडकलेला थिनर नंतर वर येतो आणि चकाकी मारतो. जवळून, दाट मारले की ओघळ येतात. दुरून किंवा कोरड्या हवेत मारले की ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार पृष्ठभाग. छत आधी, मग बाजू, शेवटी सिल.

एक गोष्ट मी कुठल्याही गॅरेजमध्ये कळकळीने सांगतो. पॉलीयुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांचा वास पुरेशी सूचना देत नाही, आणि एकदा शरीर त्यांना संवेदनशील झाले की थोड्या संपर्कानेही दम्याचा झटका येतो, जो आयुष्यभर सोबत राहू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क इथे काहीच करत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटाच लागतो, आणि हातमोजे, अंगभर झगा. असा मुखवटा नसलेल्या पेंटरकडून पॉलीयुरेथेन मारून घेऊ नका. तो स्वस्तात करून देतो म्हणून त्याच्या फुप्फुसांचा खर्च त्याने भरायचा, हे मला मान्य नाही.

रंग वाळल्यावर त्यात धुळीचे कण, एखादा ओघळ उरतोच. पूर्ण कडक झाल्यावर, म्हणजे हवेवर वाळवला असेल तर काही दिवसांनी, १५०० आणि २००० नंबरच्या पेपरने पाण्यासह घासून, मग कंपाउंड लावून चकाकी आणतात. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो, म्हणून तिथे पेपर लावू नये, मास्किंग टेप लावून ठेवावी. पहिल्या काही आठवड्यांत मेण किंवा पॉलिश लावू नये, उरलेल्या थिनरला बाहेर पडायला वाट हवी.

जोडणीच्या वेळी नवी रबरे, क्रोमच्या पट्ट्यांना नव्या क्लिपा, आणि भोकांच्या कापलेल्या कडांना ब्रशने प्रायमर. दारांच्या तळाशी आणि सिलमध्ये पाणी वाहून जायची छोटी भोके असतात. रंग आणि सीलरने ती बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करायची. शेवटी लांब नळीने सिलच्या आत, दारांच्या पोकळीत आणि फरशीखालच्या बंद पेट्यांत मेणाचे पातळ द्रावण फवारायचे. ते जोडांमध्ये शिरते आणि आतला पत्रा हवेपासून वेगळा करते. हे काम नवा रंग पूर्ण बसल्यावर करायचे, कारण मेणाचा एक थेंबही न रंगवलेल्या भागावर गेला, तर तिथे पुढचा रंग धरणार नाही. गाडी वापरात असेल, तर दर एक-दोन पावसाळ्यांनंतर ते पुन्हा फवारावे.